या चर्चमध्ये खूप अंकल आहेत

सोमवारी दुपारी अडीचला शाळेतून फोन आला तेव्हा मी ब्लॅकटाउनच्या ऑफिसात उशिराचा डबा खात होते. पलीकडे डेप्युटी प्रिन्सिपल. बाई एरवी बडबड्या. आज एकेक शब्द मोजून बोलत होत्या. मी चमचा खाली ठेवला.

"एलानं आज टीचरना काहीतरी सांगितलंय. चर्चमधले एक अंकल तिला चॉकलेट देतात आणि कुणाला सांगू नकोस म्हणतात. हे सांगता सांगता तिला युनिफॉर्ममध्येच शू झाली. आम्ही मुलांच्या सुरक्षेच्या सरकारी हेल्पलाइनला रिपोर्ट केलाय. तुला कळवणं भाग आहे."

"कुठले अंकल? नाव सांगितलं का?"

"बास्कर. असं काहीतरी."

भास्कर अंकलना तिच्यासमोर मीच नेऊन उभं केलं होतं.

मी मनीषा. मूळची चिंचवडची. सिडनीला सोशल वर्कचं मास्टर्स करायला आले आणि इथलीच झाले. बारा वर्षं फॉस्टर केअरमध्ये केसवर्कर आहे. फॉस्टर केअर म्हणजे काय, हे माझ्या आईलाही अजून नीट कळलेलं नाही, म्हणून सांगते. मुलाला स्वतःच्या घरात धोका असेल तर कोर्ट त्याला बाहेर काढतं आणि दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला देतं. हे दत्तक नव्हे. मुलाची जबाबदारी सरकारचीच, घर मात्र त्या कुटुंबाचं. सांभाळणाऱ्यांना केअरर म्हणतात आणि त्यांच्याकडच्या मुक्कामाला प्लेसमेंट. तो मुक्काम मोडला की प्लेसमेंट ब्रेकडाउन. मूल, केअरर, शाळा आणि सरकार या सगळ्यांच्या मध्ये उभं राहून सगळ्यांच्या शिव्या खाणारी ती केसवर्कर.

एला आठ वर्षांची. नाव बदललंय, बाकीही थोडंफार बदललंय. हे तिचं पाचवं प्लेसमेंट होतं. आधीच्या चारांपैकी एक जेमतेम अकरा दिवस टिकलं होतं. ती उशीखाली ब्रेड लपवायची. पाठीमागून कुणी आलं तर चावायची. बाथरूमचं दार बंद करू द्यायची नाही आणि उघडंही ठेवू द्यायची नाही. आईच्या घरात तिच्यासोबत काय झालं ते फाइलमध्ये होतं. ते मी इथे लिहिणार नाही. मी ते पुरतं वाचलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

रूथ आणि सॅमनी तिला घेतलं. रूथ नगरची, मराठी ख्रिश्चन. वृद्धाश्रमात नर्स, शिफ्टची नोकरी. सॅम बस चालवतो. स्वतःचं मूल नाही. रूथशी माझं पहिल्या भेटीतच जमलं. परक्या देशात मराठीत तक्रार करायला माणूस मिळणं ही काही साधी गोष्ट नाही.

पहिल्याच महिन्यात रूथ टेकीला आली. "मनीषा, सकाळची शिफ्ट असली की हिला शाळेत सोडायला कोणी नसतं. दुपारची असली की आणायला कोणी नाही. स्वयंपाक करायला गेले तर ही टेबलाखाली. मी करू काय?"

"चर्चमध्ये विचारलंस का?" मी म्हणाले.

खरं सांगते, देवाधर्माशी माझं फारसं नाही. गणपतीला मोदक करते, तेवढंच. पण बारा वर्षांत एक गोष्ट कळली आहे. केअररच्या मागे दहा माणसं उभी असली की प्लेसमेंट टिकतं. आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी एका छताखाली येणारी दहा माणसं आणायची कुठून? मंडळं आहेत आपली, पण ती दिवाळी आणि गणपतीला उगवतात. चर्च दर रविवारी उघडतं.

रूथचं चर्च क्वेकर्स हिलमध्ये. साधा विटांचा हॉल, मागे पार्किंग. निम्मी मंडळी म्हातारी ऑस्ट्रेलियन, निम्मी आपली, मराठी, तेलुगू, मल्याळी. चहाच्या टेबलावर सॉसेज रोल आणि सामोसे शेजारी शेजारी. पास्टर ग्लेन उंच, शॉर्ट्समध्ये वावरणारा, तोंडात सतत 'नो वरीज'. मी म्हटलं, "तुझ्या लोकांना ट्रेनिंग द्यायचंय." तो म्हणाला, "शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, हॉल रिकामा आहे. ये."

ट्रॉमा ट्रेनिंग तीन तासांचं असतं. ट्रॉमा म्हणजे मोठा धक्का बसल्यावर मुलाचं शरीर धोक्याच्या तयारीतच राहतं, धोका टळला तरी. मी स्लाइड्स लावल्या. विचारल्याशिवाय मुलीला हात लावू नका. तिचं नाव घेऊन माइकवर प्रार्थना करू नका. फोटो काढून फेसबुकवर टाकू नका. 'बिच्चारी' म्हणू नका. बुधवारी येईन म्हणालात तर बुधवारीच या, मंगळवारी नको आणि गुरुवारी तर नकोच नको. आणि सिक्रेट नकोत, अजिबात नकोत.

आपल्या बायका कसल्या ऐकतात! एक मावशी म्हणाल्या, "अगं पण लेकराला जवळ घ्यायचं नाही म्हणजे काय? मायेनं पण नाही?"

"मायेनं पण नाही. आधी विचारायचं."

"आम्ही आमच्या पोरांना कधी विचारलं नाही!"

"तुमच्या पोरांना तुमची भीती वाटत नव्हती, मावशी."

त्यांना पटलं नव्हतं. मग मागून एक गृहस्थ उठले. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. भास्कर. खडकीला फिटर होते, बायको गेल्यावर मुलाकडे आले. चर्चचा चहा तेच करायचे. "चॉकलेट दिलं तर चालतं का हो?" त्यांनी विचारलं.

"चालतं की. रूथला विचारून द्या म्हणजे झालं."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आणि खरोखर, त्या माणसांनी काम केलं. मी उगाच कौतुक करणारी बाई नाही. जेवणाचं रोस्टर लागलं, मंगळवार आणि शुक्रवार, डबा दाराशी ठेवायचा, बेल वाजवायची नाही. शाळेतून आणायला गाडी, गाडीत कायम दोन मोठी माणसं. सगळ्यांचे चेक झालेले. इथे मुलांबरोबर काम करायला सरकारी परवाना लागतो, तो सगळ्यांनी काढला. महिन्यातला एक वीकेंड एला दुसऱ्या कुटुंबाकडे राहायची, म्हणजे रूथला श्वास मिळायचा. त्याला रिस्पाइट म्हणतात. तेही चर्चमधलंच कुटुंब. ग्लेननं ड्रम्स दुसऱ्या कोपऱ्यात हलवले, कारण आवाजानं ती दचकायची. शेवटच्या रांगेतली दाराजवळची खुर्ची तिची. ती उठून बाहेर गेली तर एक म्हातारी ऑस्ट्रेलियन बाई मागोमाग पार्किंगमध्ये जायची आणि नुसती शेजारी बसायची. बोलायची नाही. हे तिला मी शिकवलं नव्हतं, तिचं तिला कळलं होतं.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम गेले. एलाला सगळ्यांची ओळख करून दिली. नवी माणसं आधी नावानिशी सांगायची, ही आमची पद्धत. "एला, दिस इज भास्कर अंकल. ही मेक्स द टी. दिस इज जॉर्ज अंकल, ही विल ड्राइव्ह यू. दिस इज प्रसाद अंकल." माझ्या तोंडून असंच निघणार ना? बापाच्या वयाच्या माणसाला नुसतं भास्कर म्हणायला माझी जीभ वळायची नाही. एलानं एकेकाकडे पाहिलं आणि रूथच्या मागे सरकली. लाजली, असं मला वाटलं.

पाच महिने गेले. ब्रेड उशीखालून कपाटात आला. चावणं थांबलं. ती रूथला 'रू' म्हणायला लागली. हे तिनं स्वतः शोधलेलं नाव. रूथनं मला फोन करून सांगितलं आणि फोनवर रडली. मीही रडले असते, पण ट्रॅफिकमध्ये होते. सहा महिने झाले की कोर्टात लाँग टर्म प्लेसमेंटचा अर्ज टाकायचा ठरलं. म्हणजे अठराव्या वर्षापर्यंत ती रूथचीच. कागद मी तयार करत होते.

आणि सोमवारी तो फोन आला.

असा रिपोर्ट झाला की पुढचं माझ्या हातात राहत नाही. तपास करणारे वेगळे असतात. ज्याच्यावर आरोप तो ताबडतोब बाजूला. मी रूथला फोन केला, तिचा विश्वासच बसेना. "भास्कर अंकल? अगं काहीतरीच काय! ते मुंगी पण मारणार नाहीत."

"रूथ, कुणाशी बोलायचं नाही. चर्चमध्ये तर नाहीच नाही. सॅमला पण सांग."

"आणि लोकांनी विचारलं तर?"

"तर काही बोलता येत नाही म्हण."

गुरुवारी एलाची मुलाखत झाली. घेणारी हेलन, या कामात केस पांढरे झालेली. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसले होते. पाऊण तासानं ती बाहेर आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"मनीषा, हा माणूस तिचा नातेवाईक आहे का?"

"नाही."

"रूथचा? सॅमचा?"

"नाही. चर्चमधले आहेत."

"मग तो अंकल कसा?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे... आमच्यात मोठ्यांना नावानं हाक मारत नाहीत. आदर असतो. सगळेच अंकल."

"सगळेच?"

"सगळेच."

हेलननं हातातली वही उघडली. मग म्हणाली, "मी तिला वेगवेगळ्या पद्धतीनं विचारलं. बास्करनं कधी हात लावला का? नाही. कधी एकटीला कुठे नेलं का? नाही. चॉकलेट कुठे दिलं? हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. रूथला सांगू नकोस म्हणाला, कारण ती जेवणाआधी गोड देत नाही. मग मी विचारलं, तुला भीती कशाची वाटली? तर म्हणाली, कारण तो अंकल आहे. अंकल आधी चॉकलेट देतात."

मी ऑफिसात आले आणि फाइल उघडली. आईचा तो मित्र, ज्याच्यामुळे एला त्या घरातून निघाली, त्याचं नाव डीन. घरात त्याला म्हणायचे अंकल डीन. पानापानावर होतं. मी ते वाचलं होतं. पिवळ्या हायलायटरनं काही ओळी रंगवल्याही होत्या. डीन रंगवला होता. अंकल नव्हता रंगवला. कारण अंकल हा शब्द मला दिसतच नाही. तो माझ्यासाठी शब्दच नाही, नावाच्या मागे लागलेलं शेपूट आहे. इथली कुठलीही गोरी केसवर्कर असती तर तिनं पहिल्याच रविवारी विचारलं असतं, हे सगळे हिचे अंकल कसे काय?

मग मी माझ्याच नोट्स काढल्या. प्रत्येक भेटीनंतर केस नोट लिहावी लागते. तिसऱ्या महिन्यातली एक सापडली. गाडीत एला मला म्हणाली होती, "या चर्चमध्ये खूप अंकल आहेत." मी हसले होते. "हो गं, ढीगभर आहेत," म्हणाले होते. आणि नोटमध्ये काय लिहिलं होतं? 'चर्चमध्ये बरेच अंकल असल्याचा एलाने स्वतःहून उल्लेख केला. समुदायाशी नातं जुळत असल्याचं चांगलं लक्षण.' खाली माझी सही. पोरगी तीन महिने मोजत बसली होती की यातला नेमका कुठला, आणि मी चांगलं लक्षण लिहून मोकळी झाले होते. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

मी ट्रेसीकडे गेले. ट्रेसी माझी टीम लीडर. "मला ग्लेनला एक वाक्य सांगू दे. फक्त एक. भास्करनी काही केलेलं नाही."

"नाही."

"ट्रेसी, हेलनला माहीत आहे, मला माहीत आहे, तुला माहीत आहे!"

"हेलनचा तपास संपलेला नाही. ती भास्करशी बोलेल, इतर मुलांशी बोलेल, मग लिहील. तू मधे बोललीस तर उद्या कुणीही म्हणेल, केसवर्करनं आपल्या माणसाला वाचवलं. आणि मुलीचा इतिहास तू चर्चला सांगणार? तुझं हेच वाक्य समजावायला तुला डीन सांगावा लागेल."

ती बरोबर बोलत होती. म्हणून जास्तच संताप आला. मी दार आपटून बाहेर आले, मग परत जाऊन सॉरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ग्लेनचा फोन. चर्चच्या मुख्य ऑफिसातून त्याला ईमेल आला होता. तपास पूर्ण होईपर्यंत चर्चच्या कुठल्याही व्हॉलंटिअरनं त्या मुलीशी संपर्क ठेवायचा नाही.

"कुठल्याही म्हणजे?"

"कुठल्याही. गाडी, रिस्पाइट, संडे स्कूल. सगळं."

"जेवणाचे डबे? ते तर दाराशीच ठेवतात!"

"तेही. इन्शुरन्सवाल्यांनी तसं सांगितलंय." त्याचा आवाज पडला होता. "मनीषा, मला खूप वाईट वाटतंय. पण मी लिहून दिलंय, हो म्हणून."

या वेळी 'नो वरीज' म्हणाला नाही.

पाच महिन्यांत उभं राहिलेलं सगळं एका ईमेलनं बसलं. ज्या मुलीला आम्ही सांगितलं होतं की बुधवारी म्हणजे बुधवारी, तिची बुधवारची गाडी आलीच नाही. डबा आला नाही. रविवारी चर्च नाही. कारण सांगायची सोय नाही. एलानं आपलं आपण कारण शोधलं. 'मी सांगितलं म्हणून सगळे गेले.' मुलं असाच हिशेब करतात.

ब्रेड परत उशीखाली आला. दुसऱ्या आठवड्यात तिनं रूथच्या दंडाला चावा घेतला, टाके पडले. सॅमनं शिफ्ट बदलून घेतली, पण त्यानं किती भागणार? रूथनं रजा घेतली, ती संपली. मी आमच्या एजन्सीत दुसरं रिस्पाइट शोधलं. कॅसल हिल, पेनरिथ, सगळीकडे फोन केले. कोणी मोकळं नव्हतं. मी स्वतः दोन वेळा शाळेतून आणलं, ते नियमात बसत नाही. तिसऱ्या वेळी ट्रेसीनं डोळे वटारले.

चर्चमध्ये काय झालं ते मला रूथकडून कळायचं; सॅम एलाजवळ थांबायचा आणि ती एकटीच जायची. कुणाला काही माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला सगळं माहीत होतं. कुणी म्हणालं भास्कर साळवे तसलेच होते, आम्हाला आधीच संशय. कुणी म्हणालं ही फॉस्टरची पोरं खोटं बोलतात. ट्रेनिंगमधल्या त्याच मावशी रूथला पार्किंगमध्ये गाठून म्हणाल्या, "बाई गं, सोडून दे तिला. उद्या सॅमचं पण नाव घेईल."

हे ऐकल्यावर रूथ त्या दिवशी घरी गेली आणि तिनं सॅमला एलाशेजारी सोफ्यावर बसलेलं पाहिलं. टीव्हीवर कार्टून चाललं होतं. रूथनं मला सांगितलं, "मी सॅमला म्हणाले, जरा लांब बस." मग म्हणाली, "माझा नवरा आहे तो, मनीषा. मी त्याला असं कसं म्हणाले?"

चौथ्या आठवड्यात तिनं मला घरी बोलावलं. चहा केला, स्वतः घेतला नाही.

"मला जमत नाहीये."

"अजून थोडे दिवस, रूथ. तपास संपेल."

"किती दिवस? तू सांग, किती?"

हेलननं तारीख दिली नव्हती.

"आणि संपल्यावर काय होईल? ते सगळे परत येतील? परत डबे आणतील? मनीषा, तुला काहीतरी माहीत आहे. तुझ्या तोंडावर दिसतंय. त्यांनी केलं की नाही, एवढंच सांग. मी तग धरीन."

सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं. रूथला मुलीचा इतिहास थोडाफार माहीत होता, पण नावं नव्हती. आणि रूथची साक्ष अजून व्हायची होती. साक्षीदाराला मी आधी सांगितलं असतं तर सगळा तपास गेला असता, आणि भास्कर कायमचे अर्धवट संशयात राहिले असते. मी म्हणाले, "मला सांगता येत नाही."

रूथनं माझ्याकडे पाहिलं. "मग मलाही ठेवता येत नाही," ती म्हणाली.

मी चिडले. "तू तिला प्रॉमिस केलं होतंस," असं बोलून गेले. बोलायला नको होतं. दंडाला टाके घातलेल्या बाईला मी हे बोलले. ती रडली नाही, उठून कप विसळायला गेली. त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोललो, आणि आता तेही नाही.

एलाचं सहावं प्लेसमेंट सिडनीपासून चार तासांवर मिळालं. एक वयस्क जोडपं, मेंढ्या पाळणारं. माणसं अनुभवी होती. मी स्वतः गाडीनं सोडायला गेले. तिनं रूथला बाय केलं नाही, गाडीत पट्टा लावून समोर बघत बसली. दोन तास गेले. मग ब्लू माउंटन्स ओलांडल्यावर म्हणाली, "तिथे जो माणूस आहे, त्याला काय म्हणायचं?"

"पीटर."

"अंकल पीटर?"

"नाही. नुसता पीटर."

"नक्की?"

"नक्की. मी फोन करून विचारलंय."

खरंच विचारलं होतं. ती खिडकीकडे वळली आणि थोड्या वेळानं झोपली. गाडीत ती माझ्यासमोर पहिल्यांदाच झोपली. 'नुसतं नाव' हे मी पहिल्याच रविवारी ठरवलं असतं तर ती आज क्वेकर्स हिलमध्ये असती. उरलेले दोन तास मी दुसरा कसलाही विचार करू शकले नाही.

हेलनचा रिपोर्ट नवव्या आठवड्यात आला. भास्करविरुद्ध काहीही सिद्ध झालं नाही. भाषा अशीच असते. 'त्यांनी काही केलं नाही' असं कुठे लिहीत नाहीत, 'सिद्ध झालं नाही' असं लिहितात. ग्लेननं चर्चमध्ये ते वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. ईमेल मागे घेतला. रोस्टर पुन्हा लावता येईल, असं ग्लेननं मला कळवलं. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

आता ट्रेनिंगमध्ये माझा पहिला अर्धा तास फक्त नावांवर जातो. मुलाला दुखावणाऱ्या माणसाला घरात काय म्हणायचे, हे मी फाइलमध्ये शोधते आणि कुणाचंही नाव न सांगता एवढंच सांगते की या मुलासमोर हा शब्द वापरायचा नाही. चर्च असो, देऊळ असो, क्रिकेट क्लब असो. आपल्या लोकांना ते उद्धट वाटतं, वाटू दे. आणि चर्चला मी आधीच विचारून ठेवते की उद्या तक्रार झालीच, तर डबा कोण पोचवणार? दुसऱ्या चर्चशी आत्ताच बोलून ठेवा. चांगुलपणाचं रोस्टर सगळे लावतात, वाईट दिवसाचं कुणी लावत नाही.

गेल्या महिन्यात भास्कर भेटले. क्वेकर्स हिल स्टेशनजवळच्या भारतीय दुकानात, डाळीच्या रॅकसमोर. बारीक झाले होते. चर्चला ते आता जात नाहीत. मुलगा म्हणतो जा, सून म्हणते जा, पण ते जात नाहीत. मला पाहून निघून जातील असं वाटलं, पण जवळ आले. शर्ट तसाच इस्त्रीचा.

"पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"चॉकलेटचं मी चुकलोच," ते म्हणाले. "तू म्हणाली होतीस रूथला विचारून दे. गंमत म्हणून म्हटलं, रूथला सांगू नकोस. ते माझ्या लक्षात आलं. पण तेवढ्यावरून लेकरू इतकं का घाबरलं? मी परत परत आठवून बघतो. नातवाला मांडीवर घ्यायला पण आता भीती वाटते मला. माझ्यात तिला असं काय दिसलं, मनीषा? तेवढं सांग. मी कुणाला बोलणार नाही."

एका शब्दाचं उत्तर होतं. तो शब्द माझ्या तोंडून तिच्यापर्यंत गेला होता, यांचा त्यात काही दोष नव्हता. पण तो सांगायचा तर एलाचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते तिचं आहे, माझं नाही. कायदा तसा आहे आणि कायदा बरोबर आहे. रॅकसमोर एक बाई ट्रॉली घेऊन आम्ही बाजूला व्हायची वाट पाहत उभी होती.

"मला नाही सांगता येत, अंकल," मी म्हणाले.